वरून दिसणाऱ्या पांढऱ्या साड्या

मी कॉमिक्स काढते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहतो आणि मग विचारतो, "अच्छा, मतलब कार्टून?" नाही बाप्पा, कार्टून नाही. चौकटी, चौकटीत माणसं, माणसांच्या तोंडून निघालेले फुगे, आणि पान उलटायच्या आत एक तरी मारामारी. वीसेक वर्षं जबलपुरात बसून मी हेच करून राहिले आहे. पुस्तकं हिंदीत निघतात. पण माझी माणसं माझ्या डोक्यात आधी मराठीत भांडतात, मग मी त्यांचं हिंदी करते. संपादकाला हे अजून माहीत नाही.

ज्या पावसाळ्याची ही गोष्ट आहे, तेव्हा माझ्या टेबलावर शंभर डोळ्यांचा नायक होता. शहरातल्या चौकाचौकातला कॅमेरा म्हणजे त्याचा एकेक डोळा. कुठे पाकीट मारलं, कुठे पोरीची छेड काढली, की याला लगेच दिसतं आणि हा हजर. संपादकाची फर्माईश होती. पोरांना तो इतका आवडला की शंभर डोळे कमी पडतात, अजून वाढवा, अशी पत्रं यायला लागली. मला त्याचा रागच यायचा. आपल्याकडे कोणीतरी सतत पाहत राहावं असं ज्या वयात वाटू नये, त्या वयाची पोरं पहारा मागून राहिली होती. आणि का नाही मागणार? घरात मोठी माणसं जेवताना मोबाईलवर कॅमेऱ्यांच्या क्लिपाच तर पाहतात. कोणाची गाडी घसरली, कोणत्या बाईने दुकानातून काय उचललं, वर ढॅणढॅण संगीत, लाल गोल, आणि खाली लिहिलेलं, 'अंत तक देखिए'. आमच्या लहानपणी इथल्याच गोरखपुर बाजारातल्या दुकानातून भाड्याने कॉमिक्स आणून आम्ही गादीखाली लपवायचो. आता शेजाऱ्याची फजिती हेच कॉमिक्स झालं आहे, आणि ते कोणी लपवत नाही.

माझ्या घरात पहाऱ्याची गोष्ट नवी नव्हती. राज्यं वेगळी झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि आजोबा नोकरीपायी इकडेच राहिले. बाबा पुढे संरक्षण खात्याच्या कारखान्यात लागले. तिथे जाता-येता फाटकावर झडती. डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे, हात वर. लहानपणी मी एकदा कारखान्याच्या फाटकाचं चित्र काढलं तर बाबांनी ते चुलीत घातलं आणि म्हणाले, "फुलं काढ, बैल काढ, पण हे नोको काढू." त्यांना झडतीचा राग नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की झडती घेणारा माणूस समोर उभा असावा, त्याला आपले डोळे दिसावेत आणि आपल्याला त्याचे. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. हे त्यांचं बोलणं मात्र आईने घट्ट धरून ठेवलं.

आता आईबद्दल सांगते, कारण गोष्ट तिची आहे. आई वर्ध्याकडच्या खेड्यात चौथी शिकलेली. लग्न होऊन इकडे आली आणि चहूकडून हिंदीच हिंदी. पण वस्तीतल्या आमच्या विहारात दर वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासूनच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि ते आई करते. ग्रंथ मराठीत, ऐकणारी अर्धी पोरंसोरं हिंदी बोलणारी. आई स्टुलावर बसून एक परिच्छेद वाचते, चष्मा कपाळावर सरकवते आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत समजावते. मधेच कोणाच्या सासूला टोमणा, कोणाच्या पोराला चिमटा. लोक हसतात, पण उठून जात नाहीत. उरलेले नऊ महिने ती अमकीची आई, तमक्याची बायको. ते तीन महिने ती वाचणारी बाई असते. आषाढ जवळ आला की तिची चाल बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या वर्षी विहार समितीने दारावर कॅमेरा लावला. कोणी चोरायला आलं नव्हतं. चोरण्यासारखं होतं तरी काय, दोन सतरंज्या आणि एक माईक! पण शेजारच्या मोहल्ल्यात लागले म्हणून आपल्याकडेही हवा. अध्यक्षांच्या मोबाईलवर दिसायचं सगळं. अध्यक्ष म्हणजे बाबांसोबत कारखान्यात राहिलेले, आता निवृत्त काका. दिवसभर ते मोबाईलमध्ये डोकं घालून विहाराचं रिकामं दार पाहत बसायचे. आईने बैठकीत सगळ्यांसमोर म्हटलं, "विहारात माणूस डोळे मिटून बसायले येते, आन् तुम्ही वरून डोळा लावून राहिले!" बाया खदाखदा हसल्या. अध्यक्षांना ते झोंबलं.

आषाढी पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळची वंदना आटोपली आणि बायांनी सजावट उतरवायला घेतली. भुरभुर पाऊस होता म्हणून सगळ्यांचे पदर डोक्यावर. वंदनेहून निघालेल्या, म्हणून सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या साड्या. टोकाला आकडा असलेला एक लांब बांबू विहारात असतो, त्याने पताकांची दोरी ओढून काढायची. दोरी ओढली, आणि दोरीसोबत कॅमेराही धाडकन फरशीवर. काच फुटली, वायर लोंबकळायला लागली. दारावर तेव्हा सातआठ जणी होत्या, आईही होती. बांबू कोणाच्या हातात होता हे ज्यांनी पाहिलं त्या काही बोलल्या नाहीत. ज्यांनी पाहिलं नव्हतं, त्यांनी संध्याकाळपर्यंत आईचं नाव ठरवून टाकलं होतं.

कारण कॅमेरा पडायच्या आधीचं सगळं अध्यक्षांच्या मोबाईलवर आलं होतं. काय दिसत होतं त्यात? वरून एक पांढरा पदर, खांदे, वर येणारा बांबू. मग आभाळ, मग फरशी, मग काळं. बस्स. कोण्या टोणग्याने त्यावर लाल गोल काढला, संगीत घातलं आणि वस्तीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'कॅमेरे से किसको दिक्कत थी, सब जानते हैं'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर चोरीच झालेली नाही!

चौथ्या दिवशी समितीचे सचिव घरी आले. चहा घेतला, पावसाबद्दल बोलले, माझ्या कॉमिक्सची विचारपूस केली. उठता उठता म्हणाले, "काकू, थोडे दिवस वाचन राहू द्या. लोक बोलून राहिले. माहौल शांत झाला की पाहू."

आई म्हणाली, "मी पाडला असता तर मीच सांगितलं असतं."

"ते तर आहेच काकू," असं म्हणत ते चपला घालून निघाले.

आईने पांढरी साडी धुतली, इस्त्री केली, घडी घालून पेटीत ठेवली. पेटीत! आषाढ सरला नव्हता आणि साडी पेटीत. त्या संध्याकाळी वाचनाच्या वेळी ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती, आणि विहारातून सचिवांचा आवाज येत होता. ते असे वाचतात की ऐकणाऱ्याला वाटावं, बँकेतून कर्जाची नोटीस आली आहे. आई एका ठिकाणी थांबली आणि पुटपुटली, "इथं थांबा लागते." मला रडू आलं, आणि रडूपेक्षा जास्त चीड आली. मी ठरवलं, आश्विन यायच्या आत ही बाई परत त्या स्टुलावर बसली पाहिजे. काय वाट्टेल ते होवो.

मी क्लिप कॉम्प्युटरवर घेतली आणि थांबवून थांबवून पाहिली. माझा धंदाच तो आहे. माणूस कसा उभा राहतो, वजन कोणत्या पायावर देतो, हे चोरल्याशिवाय मला एक चौकट काढता येत नाही. आणि एका ठिकाणी मला हवं ते दिसलं. बांबूवर वरचा हात डावा होता. जोर डाव्या हाताचा, उजवा नुसता आधाराला. कॉमिक्सवाल्याला हे दिसतंच, तलवार कोणत्या हातात हे चुकलं तर पोरं पत्रं लिहितात. माझी आई उजव्या हाताची! मी धावत स्वयंपाकघरात गेले.

"आई, सापडलं! बांबू धरणारी डावरी आहे. तू डावरी आहे का? नाही! झालं, उद्याच सगळ्यांना दाखवते."

आई पोळी लाटून राहिली होती. तिने लाटणं खाली ठेवलं. "नोको दाखवू."

"काहून वं?"

"वस्तीत डावरी कोण हाय?"

ते तर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मागच्या वर्षी सिहोऱ्याहून लग्न होऊन आलेली, तीन घरं सोडून राहणारी सून. डाव्या हाताने वाढते म्हणून पंगतीत सासूने तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. माहेरची शिकवण काढली होती, तिच्या आईबापाला नावं ठेवली होती. लहान जीव, मराठी समजायची पण बोलताना अडखळायची, म्हणून बाया तिची नक्कल करायच्या. मी नुसतं 'डावा हात' म्हटलं असतं तरी पुढचं नाव आपोआप निघालं असतं.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"मी तिच्या बाजूलेच तं उभी होती."

"मंग सांगितलं काहून नाही? तुझं वाचन गेलं ना!"

आई माझ्याकडे अशी पाहायला लागली, की जणू चौथी मी शिकले आणि कॉलेज तिने केलं. "मले वाचन पाहिजे. लय पाहिजे. पण तिच्या अंगावर ढकलून नाही पाहिजे. म्हाताऱ्या बाईले ग्रुपवर हसतीन, अजून काय करतीन? त्या पोरीचं तं घर हाय तिथं. मी बोट दाखवलं का मग त्या कॅमेऱ्याच्या डब्यात आन् माझ्यात फरक काय राहिला?"

मी परत टेबलाशी आले. समोर माझा शंभर डोळ्यांचा नायक, छाती काढून उभा. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्या रागातच मला कळलं की गाठ कुठे आहे. आम्ही कॉमिक्सवाल्यांनीच लोकांना शिकवलं आहे की माणूस पोशाखावरून ओळखायचा. नायकाचा मुखवटा बदला, कोणाला कळत नाही. त्याची चड्डी बदला, दहा पत्रं येतात. वाईट माणसाच्या गालावर व्रण काढला की काम झालं. आणि दुसरी गोष्ट, दोन चौकटींच्या मधे जी कोरी पट्टी असते ना, तिथे काय झालं ते वाचक स्वतः भरतो. एका चौकटीत उगारलेला हात, दुसऱ्यात पडलेला माणूस, ठोसा मी काढलेलाच नसतो. ठोसा वाचकाने मारलेला असतो. वस्तीने तेच केलं. पदर दिसला, कॅमेरा पडला, आणि मधल्या कोऱ्या पट्टीत त्यांनी माझी आई भरली. मग आता ती पट्टीच सगळ्यांना दाखवायची, असं मी ठरवलं.

शंभर डोळ्यांचं काम मी बाजूला सारलं. संपादकाचे फोन आले, "दीदी, डेडलाइन!" मी म्हटलं, घरात मयत नाही पण त्याहून कमीही नाही, थांबा. आणि चारच चौकटी काढल्या. पण मोठ्या, चादरीएवढ्या कागदावर. गोहलपुरच्या ज्या वर्कशॉपात दुकानांच्या पाट्या रंगवतात तिथून कागद आणला, तिथल्या भैयाने विचारलं, "इलेक्शन है क्या?" मी म्हटलं, "उससे भी बड़ा."

पहिल्या चौकटीत विहाराचं दार, दारावरची जुनी लोखंडी कडी, आणि कडीला बांधलेली पताकांची दोरी. दर वर्षी तिथेच बांधतात, मी पाळण्यात होते तेव्हापासून. दुसऱ्या चौकटीत तेच दार, त्याच कडीवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या मानेला बांधलेली दोरी. हे मी मनाने काढलं नव्हतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचा फोटो ग्रुपवरच पडलेला होता, अध्यक्ष स्टुलावर चढून दोरी बांधताना, बत्तिशी दाखवून. मिस्त्रीने आयती कडी दिसली म्हणून कॅमेरा तिथे बसवला आणि आमच्या लोकांनी हाताला सवय म्हणून दोरी तिथेच बांधली. कॅमेरा लावला त्याच दिवशी त्याचं पडणं ठरलं होतं. फोटो सगळ्यांनी पाहिला होता, खाली लाइकचे अंगठेही टाकले होते, पण दोरी कोणाला दिसली नाही.

तिसऱ्या चौकटीत मी वरून दिसणाऱ्या बाया काढल्या. आठ जणी, पांढऱ्या साड्या, डोक्यावर पदर. प्रत्येकीचा खांदा, पाठीचा बाक, मान, सगळं खरं. वीस वर्षांची सगळी विद्या त्या पाठींमध्ये ओतली. चौथी चौकट काळी. बांबू कुठे काढायचा यावर मात्र एक अख्खी सकाळ गेली. उजव्या हातात दिला तर ते खोटं, आणि डाव्यात दिला तर पोरगी गेली. शेवटी बांबूचं टोक तेवढं चौकटीत ठेवलं आणि हात चौकटीच्या बाहेर. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात अवघड चौकट होती.

रविवारी सकाळी वंदना झाली तशी मी उठले आणि कागद भिंतीवर टांगला. आईला ओढून आणलं होतं, ती मागे बसली होती, रंगीत साडीत. मला आईची ती रंगीत साडी सहन होत नव्हती. मी म्हटलं, "दोन मिनिटं द्या. सोपा खेळ आहे. तिसऱ्या चौकटीत आपल्या वस्तीतल्याच बाया आहेत. ज्याने त्याने आपापल्या घरची ओळखायची."

सगळे हसले. मग उठून जवळ आले. मग हसू कमी झालं. सचिव चष्मा काढून पुसायला लागले. एकाने आपली बहीण म्हणून जिच्यावर बोट ठेवलं तिच्यावर दुसऱ्याने आपली मावशी म्हणून ठेवलं. अध्यक्ष मात्र छातीठोक पुढे आले. "ही आमची! चाळीस वर्षं पाहून राहिलो, ओळखणार नाही?"

मागून अध्यक्षांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला, "ते मी नोहे! मी हे इकडची, जाडी! चाळीस वर्षं काय पाहिलं मग?"

विहारात असा हशा पिकला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. मी हसले नाही. मी म्हटलं, "काका, बायको ओळखू आली नाही. मग माझी आई कशी ओळखली?"

हशा बंद झाला. अध्यक्षांनी दुसऱ्या चौकटीकडे पाहिलं, स्टुलावरच्या माणसाची बत्तिशी पाहिली. मग सावकाश म्हणाले, "दोरी तं मीच बांधली होती."

मला वाटलं झालं, जिंकलो. पण सचिव उठले. वाकडा माणूस नाही, पण फाइल पूर्ण झाल्याशिवाय ज्यांना झोप लागत नाही त्यातला. "ते ठीक आहे. पण बांबू होता कोणाच्या हातात? हातच काढले नाही तुम्ही."

मी सिहोऱ्याच्या सुनेकडे पाहिलं नाही. पाहायचंच नाही असं मान घट्ट धरून ठरवलं होतं. पण ती माझ्या डाव्या अंगाला बसली होती आणि तिचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मी म्हटलं, "नाही काढले. काढणारही नाही."

"पण..."

"अहो सचिव," आई मागून बोलली. पहिल्यांदाच. "दोरी ओढली का बांधलेलं खाली येतेच. बांबू कोनाच्याही हाती असो. तुमच्या हाती असता तं काय कॅमेरा वरती राहिला असता?"

माफी कोणी मागितली नाही, ते आमच्या समितीत बसत नाही. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "चलो, संध्याकाळी वाचन वहिनी करतील," आणि सतरंजीच्या घड्या घालायला लागले, जसं काही ते काम आजच अडलं होतं. मला तेवढं पुरे होतं.

संध्याकाळी आई पांढऱ्या साडीत विहारात गेली. कॅमेरा दुरुस्त होऊन आला होता आणि आता कडीपासून हातभर बाजूला, स्वतःच्या खिळ्यावर होता. आई दारात थांबली, मान वर केली, आणि बाबा फाटकावर उभे राहत असतील तशी, सरळ त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मग आत गेली, स्टुलावर बसली, एक परिच्छेद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सचिवांना टोमणा मारला. लोक हसले.

मग आईने सिहोऱ्याच्या सुनेला हाक मारली. "ये वं बाई. माझे डोळे दुखून राहिले. पुढचं तू वाच."

डोळेबिळे काही दुखत नव्हते. पोरगी गांगरली. "मावशी, मेरेको मराठी पढ़ना नहीं आता ठीक से..."

"अडखळत वाच. कोणाले घाई हाय?"

ती उठून आली. आईने ग्रंथ पुढे केला आणि पोरीने तो डाव्या हातात घेतला. पहिल्या रांगेतून तिची सासू पुटपुटली, "अवं, उजव्या..." आईने नुसती मान वळवून सासूकडे पाहिलं. सासू गप्प झाली. पोरगी वाचायला लागली, एकेक अक्षर सोडवत, हिंदीच्या वळणाने, चुकत, थांबत. पोरंसुद्धा हसली नाहीत. जिथे थांबायला पाहिजे तिथे आई बोटाने तिच्या गुडघ्यावर टकटक करत होती. खालची ओळ संपली. पोरीने एकदा उघड्या दाराकडे पाहिलं, दारावर लुकलुकणाऱ्या त्या लाल दिव्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर डाव्या हाताने पान उलटलं.